आमिनाबींची चिलीम

चिलीम पडली तेव्हा माझे दोन्ही हात हुक्क्यावर होते.

हुक्का मधल्या नळीला धरून उचलायचा नसतो. तो सुटा करायचा आणि एकेक भाग खालून आधार देऊन न्यायचा. हे मला माहीत होतं. नव्या लोकांना ते मीच शिकवायचे. पण टेबल दोन पावलांवर होतं आणि मला वाटलं, एवढ्यासाठी कशाला. हुक्का किंचित कलला, वरची चिलीम सरकली आणि शहाबादी फरशीवर पडली. फार आवाजही झाला नाही. पणती फुटावी तसा झाला.

चार मोठे तुकडे आणि चिमूटभर चुरा. मी सगळं पांढऱ्या कागदावर गोळा केलं आणि स्टुलावर बसून राहिले.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संग्रहालयात कॉन्झर्व्हेटर होते. म्हणजे जुन्या वस्तू साफ करायच्या, मोडलेल्या जोडायच्या आणि आहेत त्याहून बिघडू द्यायच्या नाहीत. मोडणं हे कामात बसत नाही. जुन्या घरांमधल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचं एक प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं. त्यासाठी आम्ही शहरातल्या कुटुंबांकडून वस्तू महिनाभरासाठी मागून आणल्या होत्या. हा हुक्का अत्तारसाहेबांचा. ते पोस्टातून रिटायर झालेले, राहायला बिबवेवाडीत. रिक्षातून येताना हुक्का चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला होता. पावतीवर सही करून ते मला एवढंच म्हणाले, "बाई, सांभाळा."

हुक्क्याचं खालचं पाण्याचं भांडं तांब्याचं होतं. त्यावर लाकडी नळी, आणि सगळ्यात वर मातीची चिलीम. चिलीम म्हणजे वाटीसारखं तोंड आणि खाली पोकळ देठ. वाटीत तंबाखू आणि निखारे ठेवायचे, देठ नळीवर बसवायचा. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा कंडिशन रिपोर्ट लिहितात, म्हणजे ती आली तेव्हा कशी होती याची नोंद. तांब्याबद्दल मी पानभर लिहिलं होतं. चिलमीबद्दल एकच ओळ : 'माती, काजळी, किरकोळ.'

आमचे क्युरेटर, म्हणजे संग्रहाचे प्रमुख, देवधर सर. मी त्यांच्या टेबलावर कागद उघडून ठेवला.

"कोणी बघितलं?"

"नाही सर."

"मग मला कशाला दाखवताय?"

"रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिहा की. पण आधी दुसरी बनवा. मातीचीच आहे ना? कोहिनूर नाही. काजळी लावा, बसवा. त्यांना हुक्का परत मिळेल, चिलमीसकट."

"आणि त्यांना काय सांगायचं?"

"त्यांनी विचारलं तर बघू."

मी 'बरं सर' म्हणाले. हे लिहायला आजही बरं वाटत नाही. पण म्हणाले, हे खरं.

बाजारात तशी चिलीम मिळेना. मिळत होत्या त्या हातात धरून ओढायच्या, सरळ नळकांड्यासारख्या. तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी कारखाना काढला. गणपतीच्या मूर्तीसाठी असते ती शाडूची माती आणली, तुकड्यांची मापं घेतली आणि पहिली चिलीम बनवली. एक दिवस उन्हात वाळवली आणि गॅसवर जाळी ठेवून तिच्यावर भाजायला घेतली. दहाव्या मिनिटाला ती फुटली. एक तुकडा पिठाच्या डब्यावर आपटला. माती वरून वाळलेली दिसते, पण आत पाणी असतं. त्याची वाफ होते आणि वाफेला वाट मिळाली नाही तर ती स्वतः वाट करते. बी.एस्सी.ला हे मी पाठ केलं होतं.

दुसरी चिलीम मी सावलीत चार दिवस वाळवली. ती फुटली नाही, पण वाळतानाच इतकी आकसली की देठ नळीवर बसेना. ओली माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी थोडी. मी जुन्या चिलमीचं माप जसंच्या तसं घेतलं होतं, त्यात ही घट धरलीच नव्हती.

माझे यजमान म्हणाले, "छान झालीये. अगरबत्तीला होईल."

बारापैकी सहा दिवस संपले. सातव्या दिवशी तुकडे कापसात गुंडाळून मी सायकलवरून कसबा पेठेत कुंभारांकडे गेले. तिथे गंगूबाई म्हणून एक वयस्कर कुंभारीण होत्या. माठ थापत होत्या. माझं ऐकून घेताना त्यांचा हात थांबला नाही. मग हात पुसून त्यांनी तुकडे घेतले आणि उजेडाकडे वळल्या.

"ही कुठल्या कुंभारानं केली नाही."

"कशावरून?"

"चाकावरच्या भांड्याला आतून गोल रेघा उठतात. इथं आहेत का बघा. इथं अंगठा दाबलाय. हा एक, त्याच्या शेजारी हा दुसरा." त्यांनी स्वतःचा अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो मावला नाही. "बारीक हात आहे. बाईमाणसाचा. घरी बसून केलीये कुणीतरी."

मी भिंग घेऊन काम करणारी बाई. सहा दिवस ते तुकडे माझ्यासमोर होते. पण कुठला तुकडा कुठे जुळतो एवढंच मी बघत होते. काजळीखाली बोटांचे ठसे होते. एका ठिकाणी तर कातडीच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"मी करून देईन तशी," गंगूबाई म्हणाल्या. "माप वाढवून धरीन. पण ज्याची आहे त्याला विचारलंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आधी विचारून या. मी कुठं पळून जात नाही."

त्यांनी त्या दिवशी चिलीम बनवून दिली असती, तर मी ती हुक्क्यावर बसवली असती. याबद्दल मला शंका नाही. म्हणून त्या बाईंची मी आजही ऋणी आहे.

तिथून मी तशीच बिबवेवाडीला गेले. चढावर सायकल हातात धरून चालावं लागलं, त्यामुळे काय बोलायचं याची तालीम करायला भरपूर वेळ मिळाला. दार अत्तारसाहेबांनीच उघडलं. आत त्यांच्या मोठ्या बहीण लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना सगळे आपा म्हणत. पाठ केलेलं सगळं मी विसरले आणि म्हणाले, "चिलीम माझ्या हातून फुटली. सात दिवस झाले. मी सांगितलं नाही. दुसरी बनवून बसवणार होते."

मी कापूस उलगडून तुकडे पुढे ठेवले. ते अत्तारसाहेबांनी हातात घेतले नाहीत. उठले आणि आतल्या खोलीत गेले.

आपांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "पानशेतच्या पुरात आमचं सगळं गेलं," त्या म्हणाल्या. "भांडी, कपडे, अम्मीचा एकुलता एक फोटो. हुक्का माळ्यावर होता म्हणून राहिला. अब्बांना बाजारातली चिलीम चालायची नाही, चटका बसतो म्हणायचे. अम्मी घरीच बनवायची. एक फुटली की दुसरी. ही शेवटची. ही केली आणि दोन महिन्यांत ती गेली."

मला वाटलं होतं की ते रागावतील, नुकसानभरपाई मागतील, देवधर सरांना फोन करतील. त्या सगळ्यासाठी माझ्याकडे उत्तर होतं. ते बाजूला राहिलं. मी म्हणाले, "यात त्यांच्या बोटांचे ठसे आहेत. मला आजच कळलं."

आपांनी वाटीचा तुकडा उचलला. आत बोट घालून चाचपला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "करीम! इकडे ये. अम्मीचा अंगठा बघ."

अत्तारसाहेब बाहेर आले. बहिणीच्या हातातला तुकडा घेऊन खिडकीशी गेले आणि त्यांनी तो उजेडात धरला. मग विचारलं, "हे जोडता येईल?"

"येईल. पण मग त्यात विस्तव घालता येणार नाही. गोंद सुटेल."

"हुक्का ओढतोय कोण आता? जोडा."

"आणि हुक्क्यावर? जोडलेली तिथे टिकणार नाही."

"त्यावर नवी लागेल," आपा म्हणाल्या. "ती मी करते. अम्मीला माती मळून कोण देत होतं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. गंगूबाईंनी मळलेली माती दिली, घोड्याची लीद मिसळलेली. लीद भाजताना जळून जाते, मातीत बारीक छिद्रं राहतात आणि वाफेला वाट मिळते. माझ्या पहिल्या चिलमीचा घोटाळा घोड्याला कळला असता.

बिबवेवाडीला माती पोचताच आपांनी लाटणं मागवलं. त्याच्या मुठीला राख फासली, म्हणजे माती चिकटत नाही, आणि तिच्याभोवती मातीची पोळी गुंडाळून देठ केला. मुठीवर आधी ओला कपडा दोन वेढे घेतला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"माती अंग चोरते ना. तेवढी जागा ठेवायची."

माझं पूर्ण गणित त्या दोन वेढ्यांत होतं. मग त्यांनी गोळा डाव्या तळव्यावर घेतला, उजवा अंगठा मध्ये दाबला आणि फिरवत फिरवत वाटी उघडली. देठ जोडला, विणकामाच्या सुईने मध्ये भोक पाडलं. पहिली वाटी कलली. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा गोळा केला. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. तिसऱ्या वेळी जमली. मला म्हणाल्या, "तुम्हीही एक करा." मी केली. अत्तारसाहेबांनी ती सगळ्या बाजूंनी न्याहाळली आणि म्हणाले, "तुम्ही जोडायचंच काम करा."

चिलीम खाटेखाली सावलीत तीन दिवस वाळली. चौथ्या दिवशी सकाळी चुलीजवळ ठेवून ती कोमट केली आणि अंगणात गोवऱ्या आणि भाताच्या तुसात पुरून पेटवली. तूस हळूहळू जळतं, म्हणून माती दचकत नाही. संध्याकाळी राखेतून काढून आपांनी तिला नखाने टिचकी मारली. टण्ण आवाज आला. चीर असेल तर आवाज बसका येतो. त्यांनी ती मला दिली नाही. अत्तारसाहेबांच्या हातात दिली.

मी दिवसा कामावर जुनी चिलीम जोडत होते. आम्ही असा गोंद वापरतो की पुढे कोणाला काम पसंत पडलं नाही तर तो विरघळवून काढता येतो. सांधे मी दिसतील असे ठेवले. रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं : तारीख, कारण आणि माझं नाव. तो वाचून देवधर सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"हो सर."

"आता लेखी तक्रार येईल. वर उत्तर मी द्यायचं."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अत्तारसाहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट. देवधर सर खुर्चीतून उठले. पाकिटात पोस्टातल्या माणसाच्या सुवाच्य अक्षरात अर्ध्या पानाचं पत्र होतं. दोन्ही चिलमी मांडायला कुटुंबाची परवानगी आहे. जुनी चिलीम अशी ठेवावी, की आतली बाजू दिसेल. आणि ती कोणी केली ते लिहावं. तक्रारीचा एक शब्दही नव्हता. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अहो, बसा ना. चहा घ्या."

जुनी चिलीम आम्ही आरशावर तिरकी ठेवली. त्यामुळे अंगठ्याचे खळगे दिसत होते. खाली पाटी लावली : 'घरी केलेली चिलीम. करणाऱ्या : आमिनाबी अत्तार.' नवीवर : 'करणाऱ्या : जैनब अत्तार, आमिनाबींच्या कन्या.'

उद्घाटनानंतर गर्दी ओसरल्यावर आपा आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाल्या, "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी काचेवर तळवा टेकला. प्रदर्शनात काचेला हात लावू द्यायचा नसतो. मी लावू दिला. देवधर सर शेजारीच उभे होते. त्यांनीही लावू दिला.

महिन्याने हुक्का परत गेला. जुनी चिलीम अत्तारसाहेबांनी संग्रहालयाला दिली. म्हणाले, घरात कोणीतरी पुन्हा पाडेल, इथे निदान जोडणारं माणूस आहे. यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र मला पुढच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नाही.

नंतर कामाला लागलेल्या मुलामुलींना मी एक गोष्ट सांगत असे. हातून वस्तू मोडली तर आधी ज्याची आहे त्याला सांगा, वरिष्ठांना नंतर. वरिष्ठ फार तर मेमो देतील. माफ करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.