वजन विसरलेली माटोळी

चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानफळं-नारळ टांगलेली लाकडी चौकट, बांधायचं काम काकांनी यंदा पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. बिघडलं तर पुन्हा मिळणार नव्हतं. मी थेट कॉम्प्युटरवर बसून माटोळीचं मॉडेल केलं. एक आकडा हलवला की फळांची मांडणी आपोआप बदलायची, लाटेच्या आकाराचा शंख व्हायचा; काकाही मागून बघत होते. शंखाला भुलून आदल्या दुपारी तसंच बांधलं आणि लाकडी चौकट एका बाजूला कलली. मॉडेलमध्ये मी फळांना रंग दिले होते, वजन द्यायला विसरलो होतो.

काका म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरान कधी नारळ उचललो रे?"

मग नारळापासून सुपारीच्या घडापर्यंत सगळं काट्यावर तोललं, आकडे भरले, पुन्हा बांधलं. शंख जरा वाकडा झाला, पण चौकट सरळ राहिली.

काकांनी मान तिरकी करून पाहिलं. "फुडल्या वर्सा ती लाट बांध," म्हणाले.