पायवाट सुरू होते तिथपर्यंत

लहानपणी पोलिओनं माझा उजवा पाय गेला. कारंजाकडच्या डोंगरावर घरचे सगळे चढून जात, तेव्हा मी पायथ्याशी चपला अन् डबे राखत बसायचे. चाळिशीनंतर मी हातानंच ब्रेक अन् ॲक्सिलरेटर दाबता येईल अशी गाडी करून घेतली. गेल्या हिवाळ्यात ठरवलं, तिकडे आता आपणच जायचं.

"काऊन जिद्द करून राह्यली?" दादा म्हणाला. "तो रस्ता जीपचा आहे. मी नेतो तुले."

"मले नेऊ नको. मी चालली."

वहिनी डबा घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसली.

जंगलाच्या फाटकावर चौकीदारानं माझ्या कुबड्या पाहिल्या अन् वहिनीलाच विचारलं, "बाईंले वर काय जमन? गाडी इथंच राहू द्या."

"माझ्याशी बोला," मी म्हटलं. "गाडी मी चालवून राह्यली."

त्यानं फाटक उघडलं.

पुढे नुसते गोटे अन् पाण्यानं पाडलेल्या घळी. वहिनी उतरून दगड बाजूला सारायची, मग उलटं चालत हातानं दाखवायची, "डाव्या बाजूनं, ताई. अजून थोडं." शेवटच्या चढावर मुरमात चाकं जागच्या जागी फिरली, गाडी मागं सरकली. मी ब्रेकचा दांडा दाबून धरला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू! पण त्याहून जास्त राग आला. मी गाडी मुद्दाम आणखी मागं घेतली अन् एका दमात वर काढली. खालून खर्रकन आवाज आला. येऊ दे, म्हटलं.

सागाच्या झाडांखाली रस्ता संपला. डोंगर चढायला आलेल्यांपैकी एक जण कौतुकानं म्हणाला, "मॅडम, इथवर आल्या, हेच खूप झालं!"

"मी अजून उतरलीबी नाई," मी म्हटलं.

कुबड्या टेकत पायवाटेला लागले. पहिल्या कोरड्या ओढ्यापर्यंत लोकांना पाच मिनिटं लागतात, मला पाऊण तास लागला. दोनदा पडले. दोन्ही वेळा वहिनीचा हात नको म्हटलं. ओढ्यात उतरताना मात्र घेतला. तिथंच बसून आम्ही भाकर अन् ठेचा खाल्ला. माथा अजून बराच वर होता.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "पाह्यलं ना? झालं ना आता समाधान?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनीनं फोन घेतला.

"नाई झालं. रविवारी आम्ही पुन्हा येऊन राह्यलो. तुमच्या जेवणाचं तुम्ही पाहा."