काचेवरची तारीख

संशोधन केंद्रात तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. शिपायापासून मोठ्या सरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती काचवाली. त्यापायी एकदा गंमतही झाली होती. नवा आलेला एक कारकून खिडकीचं तडकलेलं तावदान घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ही काच कधीपर्यंत बसवून द्याल?" तिनं तावदान उजेडाकडे धरलं, नीट न्याहाळलं आणि त्याच्या हातात परत दिलं. "हिच्यावर गवताचा पराग चांगलाच बसलाय. हवा तर मोजून देते. बसवायला दुसरा माणूस बघा."

तिचं काम हेच. हवेतून उडणारे परागकण मोजायचे. केंद्राच्या गच्चीवर एक यंत्र उभं आहे. त्याला पत्र्याची शेपटी आहे, आणि वारा वळेल तसं ते तोंड वळवतं, म्हणून सगळे त्याला कोंबडा म्हणतात. कोंबड्याच्या पोटात चिकट लेप दिलेली एक बोटभर काच असते. दिवसभर, रात्रभर तो बारीकशा फटीतून हवा ओढत राहतो आणि हवेतलं जे काही असेल ते त्या काचेला चिकटत जातं. सकाळी काचवाली जिना चढून गच्चीवर जाते, भरलेली काच काढते, कोरी घालते. मग खाली येऊन काचेवर गुलाबी रंगाचा थेंब सोडते, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते आणि मोजायला बसते.

लहानपणी दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत यायची, तिच्यात धूळ नाचायची. ही पोर तासन् तास बघत बसायची. आई म्हणायची, "काय बघतेस गं? कचरा आहे तो." तिला ते कधीच पटलं नाही. कचरा इतका सुखानं कसा नाचेल? पुढे शिकली, या केंद्रात लागली, आणि पहिल्याच दिवशी भिंगाखाली तिला तो कचरा दिसला. कुणी चेंडूसारखा गोल, कुणी काटेरी, कुणाला दोन्ही बाजूंना कानासारखे फुगे. त्या दिवशी ती घरी उडत गेली. वर्षभरासाठी म्हणून धरलेली नोकरी केस पांढरे झाले तरी सुटली नाही.

पण एक सल होता. इतकी वर्षं मोजलेलं सगळं केंद्राच्या संगणकात कुलपात पडून होतं. मोठे सर त्यावर अधूनमधून एखादा लेख लिहीत. तो लेख पराग मोजणारी दुसरी माणसं वाचत, आणि त्यांचे लेख मोठे सर वाचत. बस्स. जग तिथंच संपायचं.

मग नवा नियम आला. ज्या संशोधनाला लोकांचा पैसा लागतो, त्याची आकडेवारी लोकांसाठी खुली करायची. एका सामायिक संकेतस्थळावर ठेवायची, कुणीही यावं आणि उतरवून घ्यावं. मोठ्या सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, दूध उघडं ठेवताय. उद्या मांजर आलं तर मला सांगू नका."

"सर, इतकी वर्षं झाकून ठेवलंय. आता तरी कुणाच्या पोटात जाऊ दे."

हुज्जत घालून, पाठपुरावा करून, एकेक तक्ता स्वतः तपासून तिनं ती सगळी वर्षं खुली केली. मग रोज सकाळी आधी बघायची, कोण येऊन गेलं. घरी जाऊन सांगायचीही तशीच.

"आज मधमाश्यांवर काम करणारा एकजण आला!"

सासरे आरामखुर्चीतून मान वर करायचे. "मग? चहा दिलास का?"

"अहो बाबा, संकेतस्थळावर आला. दूर कुठं तरी राहतो."

"म्हणजे आला आणि तसाच गेला? बरं दिसतं का ते?"

सासूबाई हसायच्या, आणि सासरे पुन्हा पेपरात तोंड घालायचे. त्यांचा जन्म छापखान्यात गेला. एका दैनिकासाठी ते छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि आता डोळे अधू झाले तरी सकाळचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना आंघोळ सुचत नसे.

असे आनंदात दिवस चालले असताना एका दुपारी संदेश आला. पाठवणारी छातीची डॉक्टरीण होती, याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली. दम्याचे पेशंट तातडीच्या कक्षात कुठल्या दिवशी किती येतात, याची तिच्याकडे वर्षानुवर्षांची आकडेवारी होती. काचवालीचा पराग तिनं त्याशेजारी मांडून पाहिला होता.

काचवाली खुर्ची ओढून पुढे सरकली. दमेकरी आणि पराग! याच दिवसाची तर वाट बघत होती ती. पण पुढच्या ओळी वाचल्या आणि तिचं तोंड उतरलं.

'ताई, दोन्ही रेषा अगदी सारख्या चढतात-उतरतात. फक्त माझी आधी चढते आणि तुमची नंतर. माणसं आज धापा टाकत येतात आणि पराग उद्या उडतो. एक तर माझे पेशंट ज्योतिषी आहेत, नाही तर तुमच्या मोजणीत काही गडबड आहे. रागावू नका, पण मला ही आकडेवारी वापरता येईल असं वाटत नाही.'

तोच संदेश मोठ्या सरांनाही गेला होता. सर स्वतः तिच्या टेबलाशी आले, हे एरवी होत नसे.

"आलं ना मांजर?"

"सर, मोजणी चूक नाही. मी स्वतः मोजलंय."

"असेल. पण चारचौघांत केंद्राचं हसं होतंय. उद्या दुपारच्या बैठकीत मी हे सगळं संकेतस्थळावरून काढून टाकायला सांगणार आहे. तोवर काय सापडतंय ते बघा. नंतर परत खुलं करायचा विषय काढू नका."

त्या संध्याकाळी तिनं जपून ठेवलेल्या काचा पुन्हा भिंगाखाली घातल्या. गवताचे कण होते तसेच, तितकेच. तक्ते पाहिले, बेरजा पाहिल्या. एकही आकडा वावगा नव्हता. घरी आली ती तोंडात मारल्यासारखी. सासऱ्यांनी विचारलं, "आज कोण आलं?" तर म्हणाली, "आज कुणी यायलाच नको होतं." जेवली अर्धवट आणि झोपली.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीशी बसली होती. बाहेर ऊन कसं लख्ख, तापलेल्या तव्यासारखं. पलीकडे सासरे पेपर वाचता वाचता गुरगुरत होते.

"लिहितात बघा! म्हणे शहरात जोरदार पाऊस. कुठाय पाऊस? अंगणात धूळ उडतेय."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, तो कालचा पाऊस. काल पलीकडच्या भागात पडला की."

"मग वर तारीख आजची कशाला?"

"मला काय विचारता? तुम्हीच जुळवत होता ना खिळे?"

सासरे खो-खो हसले. सासूबाईंना चिडवायचा हा त्यांचा जुना खेळ होता. "अगं, ती तारीख बातमीची नसते. कागदाची असते. कागद ज्या सकाळी लोकांच्या हातात पडतो, त्या सकाळची. आत सगळं कालचंच. छापखान्यात हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं."

काचवालीच्या हातातला कप तिथंच थांबला.

"बाबा, काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"तारीख कागदाची!"

"हो. त्यात एवढं ओरडायला काय झालं?"

पण ऐकायला सूनबाई होती कुठं? तिनं चपला घातल्या त्या उलट्या, डावी उजवीत. रस्त्याला लागली ती जवळजवळ धावतच. काच ती सकाळी काढते. काढल्यावर लगेच तिच्यावर तारीख घालते. काढल्याची! पण काचेवरचा पराग उडालेला असतो आदल्या दिवशी. नोकरीला लागली त्या दिवशी मोठ्या सरांनी असंच शिकवलं होतं. सरांना त्यांच्या सरांनी. पराग मोजणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून कुणी कुठं लिहून ठेवलं नाही, आणि तक्ते खुले करताना तिलाही ते सुचलं नाही. तारीख काचेची होती. डॉक्टरणीनं ती परागाची समजली. दुसरं काय समजणार बिचारी?

केंद्रात पोचताच तिनं फोन लावला.

"डॉक्टर, मी बोलतेय, काचवाली... म्हणजे परागवाली. तक्ता उघडा आधी."

"ताई, मी वॉर्डात निघालेय."

"एकच मिनिट. माझ्या सगळ्या तारखा एक दिवस मागे न्या. माझा आजचा म्हणजे कालचा आहे!"

"म्हणजे?"

"सांगते, आधी न्या तर खरं!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बटणांचा. काचवालीनं फोन इतका दाबून धरला होता की कान लाल झाला.

"अगं बाई!" डॉक्टरीण ओरडली. "ताई! बसल्या! या वर्षीच्या दोन्ही रेषा एकावर एक बसल्या! पराग चढला त्याच दिवशी माणसं आलीत माझ्याकडे!"

दार उघडं होतं, तिथं मोठे सर कधी येऊन उभे राहिले काचवालीला कळलंच नाही. तिनं एका दमात त्यांना सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं, पण मान हलवली नाही.

"एखाद्या वर्षी जुळणं योगायोगही असतो. आधीची वर्षं?"

फोनमधून डॉक्टरणीनं ऐकलं असावं. "थांबा, लावते." पुन्हा बटणांचा आवाज. काचवाली आणि सर दोघंही त्या फोनकडे बघत उभे. "मागचं बसलं... त्याच्या मागचंही... हे जरा कमी, पण त्या वर्षी आमच्याकडे संप होता, पेशंट दुसरीकडे गेले... हे तर बघा, जुळ्या बहिणी! ताई, सगळी बसली!"

मग मोठे सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला. "तारीख तर आपण सगळे अशीच लिहितो," ते म्हणाले. "हे काय सांगायचं असतं का कुणाला?"

"तेच तर ना सर. आपल्याला सांगावं लागलं नाही, कारण आपण आपल्या आपल्यातच बोलत होतो. बाहेरचं माणूस आलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

सरांच्या मिशीच्या टोकाला हसू फुटलं. "माझे तीन-चार लेख आहेत, हवामान खात्याच्या वाऱ्याशी पराग ताडून बघितलेले. कधीच धड जुळले नाहीत. मी वाऱ्यालाच दोष देत होतो." ते उठले. "बैठकीत तो विषय निघणार नाही. तक्ते आहेत तिथंच राहू देत. पण बाई, वर ठळक लिहा, कुणाची तारीख ती."

"म्हणजे मांजर आलं ते बरंच झालं म्हणायचं?"

"आलं आणि भांडं भरून गेलं," सर म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर मोठ्यानं हसली.

तिनं तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं: 'ही तारीख काच काढल्याची आहे. काचेवरची हवा आदल्या सकाळपासूनची आहे.' साध्या दोन ओळी. लिहून झाल्या आणि तिला वाटलं, घराचं दार तर आधीच उघडलं होतं, पण दाराला पायरी आज बसली. तक्ते उतरवून नेलेल्या प्रत्येकाला तिनं तसं कळवलंही. मधमाशीवाल्याचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. 'देवा! माझ्या माश्या फुलं फुलायच्या आधीच पराग घेऊन येत होत्या. मी पोळ्याखालचा तराजू दुरुस्तीला दिलाय हो!'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काच बदलायला गच्चीवर गेली, तर मागून जिन्यात कुणाच्या तरी पावलांचा आणि श्वासाचा आवाज. एक बुटकीशी, गोल चेहऱ्याची बाई कठड्याला धरून वर आली.

"ताई... मी... डॉक्टर..."

"अहो, छातीच्या डॉक्टरांनाच धाप?"

"पेशंटना सांगते रोज चाला म्हणून. मी कधी चालते?" डॉक्टरणीनं दम घेतला आणि कोंबड्याकडे पाहिलं. वारा वळला, पत्र्याची शेपटी करकरली, आणि कोंबड्यानं दोघींकडे तोंड केलं. "हाच का तो?"

"हाच. चला, आत काय असतं ते दाखवते."

खाली तिनं काच रंगवली, भिंगाखाली सरकवली आणि खुर्ची सोडून उभी राहिली. डॉक्टरणीनं डोळा लावला. बराच वेळ ती हललीच नाही.

"हा गवताचा?"

"गोल, एकच भोक असलेला ना? तोच तुमच्या लोकांचा वैरी."

"काय देखणा आहे हो," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "आणि मी जन्मभर याला न बघता शिव्या घालतेय." मग भिंगावरून मान न काढताच ती बोलत राहिली. पराग चढायला लागला की सकाळीच वॉर्डाला कळलं पाहिजे, औषधाचे पंप आधीच भरून ठेवता येतील, ज्यांना जास्त त्रास होतो त्यांना घरीच बसायला सांगता येईल. "मोजून झालं की तक्त्यात लगेच टाकाल ना, ताई? आमची परिचारिका आठ वाजल्यापासून बघत बसेल."

"बसू दे. मी तिच्या आधी येईन."

काचेच्या कडेला तारीख घालायची राहिली होती. काचवालीनं पेन उचललं, क्षणभर थांबली, आणि कालची तारीख लिहून पुढे रेघ ओढून आजची लिहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे पेपर गुडघ्यावर ठेवून वाटच बघत होते.

"काय सूनबाई, आज कोण आलं?"

"छातीची डॉक्टरीण. खरीखुरी, जिना चढून."

"अरे वा! चहा दिलास?"

"दिला," ती म्हणाली. "दोनदा."