लशीनंतरचा ताप

नव्वदच्या दशकात मी आळे गावाच्या पुढच्या एका खेड्यात, आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते. लसीकरण बुधवारी असायचं. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस टोचली की बऱ्याच बाळांना त्याच संध्याकाळी ताप यायचा. मला हे ठाऊक होतं, पण आयांना मी सांगत नसे. सांगितलं तर कुणी फिरकणार नाही, अशी भीती वाटायची.

एका गुरुवारी सकाळी एक तरुण शेतकरी तान्ह्या मुलीला घेऊन आला. मागे बायको. दोघांचे डोळे जाग्रणाने लाल.

"काल पोर हसत व्हती. तुमच्या सुईनं आजारी पडली," तो म्हणाला. "पुढचा डोस आमाला नको."

मी मुलीच्या काखेत थर्मामीटर लावला. शंभरच्या थोडा वर. मांडी टोचल्या जागी सुजली होती, पण पोर अंगावर पीत होती. मी त्यांना बसवलं.

"लशीनं शरीराला वाटतं, रोगच आला. म्हणून ते अंग तापवतं. खऱ्या आजारातही तेच करतं. तापलेल्या अंगात जंतूंना वाढणं जड जातं, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी जोरानं कामाला लागतात."

"मंग ताप उतरवायचाच न्हाई का?" बायकोने विचारलं.

"पोर किरकिर करत असेल तर ही तापाची चतकोर गोळी दे. पण पिईना झाली, झटके आले किंवा ताप दोन दिवसांत गेला नाही, तर थेट डॉक्टरकडे ने."

नवरा माझ्याकडे बघत होता. "हे तुमाला काल ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग सांगितलं का न्हाई? आमाला वाटलं, पोर जातीया."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलीचं अंग निवलं होतं. बायकोने चहा दिला. नवरा बाहेर ओट्यावरच बसून होता.

पुढच्या बुधवारपासून मी प्रत्येक आईला तापाचं आधी सांगू लागले. पहिल्याच दिवशी दोघी ऐकून माघारी गेल्या. त्यातली एक महिन्याने आली, दुसरी कधीच आली नाही.

दुसऱ्या डोसाला त्या मुलीची आई एकटीच आली.

"मालक कांदं काढाया गेल्यात," ती म्हणाली. "पन त्यांनीच धाडलंय. म्हनले, जा, टोचून आन."