ऑफिसाक जाणारी सून

लग्न होऊन मी मिठबावला आले, तेव्हा मुंबईच्या कंपनीने मला घरून काम करायची परवानगी दिली. विम्याचे दावे तपासायचं माझं काम. नवऱ्याची आंब्याची बाग, तो गाव सोडू शकत नव्हता. सगळे म्हणाले, किती छान जमून आलं.

जमलं काहीच नाही. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहणं म्हणजे काम, हे त्यांच्या गळी उतरेना. "तू घराकच आसस मां? मगे त्या गड्यांका जरा चाय दी." आंब्याच्या दिवसांत तर कहरच. पेट्या भरायला माणसं आली की नवराही अंगणातून हाका मारायचा. मी उठायचे, परत बसायचे, कुठपर्यंत आले होते तेच विसरायचे.

ऑफिसातल्यांचं तिसरंच. "मजा आहे बुवा तुमची, समुद्राकाठी!" साहेब दर मीटिंगला म्हणत. टीम सांभाळायला द्यायची वेळ आली, तेव्हा ती माझ्यानंतर लागलेल्या, पण रोज त्यांच्या समोर बसणाऱ्या मुलीला दिली. पुढच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी कारण विचारायला तोंड उघडलं, तर सासूबाई दारात.

"गो, म्हावरेवाली इली हा. बांगडे घेवया?"

माईक चालू होता. पलीकडे हशा पिकला. "घ्या, घ्या," साहेब म्हणाले, "बांगडे महत्त्वाचे." माझा प्रश्न राहूनच गेला.

त्या दिवशी मी जेवले नाही.

"आई काय मुद्दाम नाय करणा," नवरा म्हणाला.

"म्हायत आसा माका. म्हणानच जास्त राग येता."

देवगडला ओळखीतल्या एका बाईंची शिकवणी संध्याकाळी एका खोलीत असते. दिवसा रिकामी पडणारी ती खोली मी भाड्याने घेतली. चांगला ड्रेस घातला, लॅपटॉप खांद्याला अडकवला आणि एसटीत बसले. काम तेच, साहेब तेच. नेट मात्र घरापेक्षा वाईट, आणि पंखा सतत कुरकुरणारा.

घरी मात्र सगळं पालटलं. सासूबाई सकाळी उठून डबा करू लागल्या. संध्याकाळी आल्या आल्या चहा पुढे. एकदा त्या शेजारणीला सांगत होत्या, "सून ऑफिसाक जाता. दमान येता बिचारी."

खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण पायरीवर चप्पल काढता काढता मला संतापच आला. घरी बसून याच्या दुप्पट दमत होते, तेव्हा कोणाला दिसलं नाही.

मग एक दिवस एसटी आलीच नाही. घरी परत येऊन आमच्या खोलीत लॅपटॉप उघडला, तर थोड्या वेळाने नवऱ्याची हाक, "आज सुट्टी मां तुका? जरा हयसर ये."

मी दाराला आतून कडी घातली.

दारावर थाप पडली. सासूबाई होत्या. "बरां नाय काय गो तुका?"

"काम आसा!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

काम संपवून बाहेर आले, तर माझ्याशी कोणी बोलेना. चहा माझा मीच केला.