कडेच्या पाच ओळींचा पंचनामा

समजा, पंचनाम्याचा कागद तुमच्या हातात आहे. पुढ्यात बोंडअळीनं पोखरलेली कपाशी उभी. बीटी बियाण्यासोबतच्या पत्रकात लिहिलंय: 'सोबत फुकट दिलेल्या छोट्या पाकिटातलं साधं बियाणं कडेनं लावलं, तर कपाशीत अळी येत नाही.' आता सांगा, या शेतकऱ्यानं ते लावलं होतं की नाही?

२०१७ साली महागावकडच्या बेबीताईच्या वावरात पंचनाम्याला आलेल्या साहेबानं धुऱ्यावरूनच, बांधावर उभ्या उभ्या, ठरवलं आणि लिहिलं, 'लावलेलं नाही'. तेवढ्यानं तिची नुकसानीची तक्रार बाद होणार होती.

बेबीताई जन्माची संशयी. विकणाऱ्यानं शपथ घेतली, तरी चीर पाडून पाहिल्याशिवाय ती टरबूज घेत नसे.

"काय लिहिलं, साहेब? वाचून दाखवा."

"लावलं असतं तर अळी आली नसती. अळी आली. म्हणजे लावलं नाही."

बोलणं इतकं बिनचूक होतं, की तिचा संशय वाढला.

शेजारचा देवराव हसला. "लिहू दे न बेबीताई, साहेब कायले खोटं लिहीन?"

"भाऊ, तुमचं पाकीट नांग्या भरायले गेलं, ते सांगू काय?"

गावात बहुतेकांनी तेच केलं होतं. जिथं बी उगवलं नाही, तिथं ते फुकटचं बी डोबून टाकलं होतं. साहेबालाही ते ठाऊक होतं.

"चाला," बेबीताई म्हणाली.

पत्रक खरं की खोटं हे पाहायला तिनं ते बी कडेच्या पाच ओळींत लावून त्या झाडांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. साहेबानं चिंध्या पाहिल्या, मग आतल्या कपाशीची बोंडं फोडली. आत अळी.

'जर-तर'चं वाक्य एकाच ठिकाणी खोटं पडतं: 'जर' घडतं आणि 'तर' घडत नाही. देवरावनं कडेनं लावलंच नव्हतं, म्हणून त्याच्या अळीनं पत्रकाचं काही बिघडत नव्हतं. बेबीताईच्या वावरानं बिघडत होतं.

साहेब म्हणाला, "'नीट लावलेलं नाही' असं लिहितो."

"नीट म्हंजे कसं? पत्रकात 'नीट' कुठी आहे? लावलं आणि अळी आली, असं लिहा. मधातलं 'आणि' गाळू नका, नाहीतर मी सही करत नाही."

"मग पत्रकच खोटं ठरते न, ताई!"

"ठरू द्या."

शेवटी साहेबानं तसंच लिहिलं. बेबीताईनं बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला, सही केली, पण कागद सोडला नाही.

"साहेब, ज्यानं ते पत्रक लिहिलं, त्यानं आधी कोनाच्या वावरात पाह्यलं होतं?"