भिंतीपलीकडच्या दोन मुली

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीत, मिऱ्याच्या रस्त्याला एका खोलीच्या घरात राहू लागले. शेजारच्या खोलीत एक बाई आणि तिच्या दोन मुली आल्या. मोठी सात वर्षांची, धाकटी अडीच. नवरा मुंबईला गेला तो दोन वर्षं फिरकला नव्हता, एवढंच मला ठाऊक होतं. बाईशी बोलणं म्हणजे नळावर भेट झाली तर मान हलवायची.

मग सकाळी रडणं ऐकू यायला लागलं. धाकटी रडायची, मोठी तिला गप्प करायची. दाराला बाहेरून कुलूप. एकदा मी खिडकीतून डोकावले तर मोठी वाटीत चहा ओतून त्यात खारी बुडवून बहिणीला भरवत होती. मला पाहून तिने खिडकी ओढून घेतली.

पाच-सहा दिवस मी हे सोसलं. मग मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. म्हटलं, "आई मुलींना कोंडून ठेवते." फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, कोणीतरी येईल, त्या बाईला समजावेल, एखादी सोय करून देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. दोन बायका आणि एक पोलीस. घरमालकाकडून दुसरी किल्ली आणून त्यांनी दार उघडलं. मोठी रडली नाही. तिने दप्तर घेतलं, बहिणीचे दोन फ्रॉक त्यात कोंबले आणि तिला कडेवर घेतलं. जीपमध्ये चढताना माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आईला सांगशील ना आम्ही कुठे गेलो ते?"

कुठे गेल्या, ते मलाच माहीत नव्हतं. मी विचारायच्या आत जीप गेलीसुद्धा. अर्ध्या तासात सगळं आटोपलं होतं. माझा चहा गॅसवर उकळून आटून गेला होता.

आई दुपारी आली. तिच्या हातांना कोळंबीचा वास होता, बोटांची टोकं पांढरी पडून सोललेली. उघडं दार बघून ती थेट माझ्याकडे धावली.

"बाय, माजी पोरं कुटं गेली वो?"

मी सगळं सांगितलं. फोन मीच केला, हेही. ती ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माज्याशी बोलायचं व्हतंत की. भिंतीला भिंत हाय आपली."

मच्छीच्या कंपनीची गाडी पहाटे पाचला यायची. एक खाडा झाला की दुसऱ्या बाईला घेत. मोठी दुपारच्या शाळेत होती, म्हणून सकाळी ती बहिणीला सांभाळायची. आई परत आली की ती शाळेला निघायची. कुलूप का, असं मी विचारलं. "धाकटी रस्त्यावर पळते वो," ती म्हणाली. "बर्फाचे ट्रक जातात हितून."

हेल्पलाइनला पुन्हा फोन करून मी पत्ता विचारला आणि आम्ही दोघी बालकल्याण समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी फाईल उघडली आणि पहिल्या पानावर मला माझंच वाक्य टाइप केलेलं दिसलं. 'आई मुलींना कोंडून ठेवते.' खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आई निष्काळजी.' घरभेटीच्या रकान्यात काहीच नव्हतं. माझ्या फोननंतर कोणी काही तपासलंच नव्हतं.

"मुली भेटतील ना?" आईने विचारलं.

"मोठी इथल्या बालगृहात आहे. धाकटी सहा वर्षांच्या आतली, तिला शिशुगृहात ठेवावं लागतं. ते घाटावर."

आईला ते कळायला वेळ लागला. "म्हंजे दोगी येका ठिकानी न्हाईत?"

मग मी न राहवून विचारलं, की ही बाई कामाला जाईल तेव्हा मुलींना कोणी बघितलं, तर त्यांना घरी सोडाल का? बाई म्हणाल्या, "सोडू की. शिवाय अशा आईला सरकारी मदतही मिळते. तिने आधीच अर्ज केला असता, तर मुलींना हलवायची वेळच आली नसती."

"असा अर्ज असतो हे तिला कोण सांगणार होतं?" माझा आवाज चढला. बाईंनी अर्जाचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वाईट नव्हत्या त्या. त्यांच्या टेबलावर तशा कितीतरी फायली होत्या.

सकाळी मुलींना मी सांभाळेन, असं मी लिहून दिलं. तरी घरभेट, अहवाल, सह्या यांत सात आठवडे गेले. मोठी आधी आली. धाकटीला आणायला आम्ही दोघी एसटीने घाट चढून गेलो. आईने हात पुढे केले. मुलीने तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि तिथल्या दाईच्या मानेला घट्ट मिठी मारली. ओढून काढावी लागली तिला. आई तिला कडेवर घेऊन उभी होती आणि मूल दाईकडे हात करून किंचाळत होतं. असं काही होऊ शकतं हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी ती आईजवळ झोपायला लागली. मदतीचा अर्ज मी भरून दिला, तोही मंजूर झाला. पहाटे आई दोघींना माझ्या घरी आणून सोडते. धाकटी मला आजी म्हणते. मोठी काहीच म्हणत नाही. बहिणीशेजारी भिंतीला टेकून बसते. पेज वाढली की आधी तिला भरवते, मग स्वतः खाते. मी म्हणते, "तू जेव गं, मी भरवते." ती नकारार्थी मान हलवते आणि वाटी स्वतःकडे ओढून घेते.